स्कार्फच्या आत काय चाललंय? पुण्याची हवा आणि आपली त्वचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहून दिलाय. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे. आणि तुम्ही आत्ता गाडीवर असाल, कानात इअरफोन असेल, तर प्लीज घरी पोचल्यावर ऐका. हा विषय कुठेही पळून जात नाही. रस्त्यावर तर तो रोज आपल्या तोंडावरच येतो.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. आज स्वारगेटहून हडपसरला किंवा शिवाजीनगरहून भोसरीला दुचाकीवरून जाऊन या. घरी आलात की तोंड धुण्याआधी कापसाचा बोळा साध्या पाण्यात भिजवा आणि कपाळावरून, नाकाच्या कडेने हलक्या हाताने फिरवा. बोळ्याचा रंग बघा. राखाडी, कधीकधी चक्क काळपट.

तो बोळा बघून आपल्या डोक्यात पहिला विचार येतो, "अरे बापरे, घासून काढायला पाहिजे." आजचा एपिसोड याच विचाराबद्दल आहे. प्रदूषण त्वचेचं जे नुकसान करतं, त्यातला फक्त थोडा भाग त्या बोळ्यावर दिसतो. बाकीचं नुकसान दिसत नाही. आणि ते घासून जात तर नाहीच, उलट घासल्याने वाढतं.

पुण्याच्या हवेत आहे काय?

पुणं एके काळी पेन्शनरांचं आणि सायकलींचं शहर होतं, हे आपण आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं. पण २०१८ मध्येच महापालिकेच्या पर्यावरण अहवालातून बातमी आली होती की शहरातली नोंदणीकृत वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त! त्यात मोठा वाटा दुचाकींचा. भर घाला बांधकामाच्या धुळीची, खोदलेल्या रस्त्यांची आणि कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याची.

थंडीत हे सगळं जास्त जाणवतं. कारण असं की रात्री जमीन पटकन गार होते, तिच्याजवळची हवाही गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. खालचा धूर वर जातच नाही. त्यात पुण्याच्या आजूबाजूला टेकड्या. म्हणून डिसेंबरच्या सकाळी आपल्याला जे रोमँटिक धुकं वाटतं, त्यात बऱ्याचदा धूर मिसळलेला असतो.

या हवेतले पाहुणे ओळखून घेऊ.

पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. यात रस्त्याची आणि बांधकामाची धूळ बरीच. पीएम २.५ त्याहून बारीक, यात गाड्यांचा आणि जाळण्याचा धूर जास्त. आपला एक केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत पीएम २.५ चे वीसपेक्षा जास्त कण ओळीने मावतील. मग नायट्रोजन डायऑक्साइड, जो गाड्यांच्या धुरातून येतो. आणि ओझोन. हा वर आकाशात आपलं रक्षण करतो तोच वायू, पण जमिनीलगत तो त्रासदायक ठरतो. तो कुठल्याच सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. धुरातले वायू आणि कडक ऊन एकत्र आले की तो हवेतच तयार होतो. त्यामुळे उन्हाळ्यातली दुपार ही त्याची वेळ.

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी एक घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपल्याकडचं "नियमात बसणारं" हेसुद्धा त्यांच्या आठपट असू शकतं. आणि हवा स्वच्छ करायच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जो २०१९ मध्ये सुरू झाला, मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुण्याचंही नाव आहे.

गंमत म्हणजे ही हवा मोजणारे लोकही आपल्याच गावात बसतात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, 'सफर' ही यंत्रणा आधी २०१० मध्ये दिल्लीत आणि मग २०१३ मध्ये पुण्यात सुरू केली. तिचे आकडे मोबाईलवर बघता येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲपही आहे. ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट, हे लक्षात ठेवा. पण एक गोष्ट विसरू नका. हा आकडा सरासरीचा असतो. कणांच्या बाबतीत तर चोवीस तासांच्या सरासरीचा. सिग्नलला पीएमटीच्या मागे, बरोब्बर तिच्या सायलेन्सरसमोर उभे असता, तेव्हा तुमच्या चेहऱ्यासमोरची हवा त्या आकड्यापेक्षा खूपच वाईट असते. (हो, मला माहितीये ती आता पीएमपीएमएल आहे. आपण पीएमटीच म्हणणार.)

त्वचा म्हणजे भिंत

आता त्वचेकडे वळू. त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मृत, चपट्या पेशी. त्यांच्यामधलं सिमेंट म्हणजे स्निग्ध पदार्थ, त्यात सिरामाइड नावाचं द्रव्य महत्त्वाचं. ही अख्खी भिंत चेहऱ्यावर एका केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असते. तरी ती दोन कामं चोख करते. आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा कचरा आत येऊ देत नाही.

मग पीएम २.५ चा कण या भिंतीतून आरपार जातो का? भिंत धडधाकट असेल, तर कण स्वतः फारसा आत जात नाही. पण तो कण एकटा नसतो. त्याच्या अंगावर धुरातली तेलकट रसायनं चिकटलेली असतात. त्यांना पीएएच म्हणतात. आपल्या चेहऱ्यावरही तेल असतं. तेलात तेल मिसळतं. कण भिंतीवरच बसून राहतो आणि त्याच्या खिशातला माल सिमेंटच्या वाटेने आत शिरतो.

आत शिरल्यावर हा माल पेशींमधला एक अलार्म वाजवतो. पेशींमध्ये अशी रसायनं ओळखणारा एक रिसेप्टर असतो. तो जागा झाला की जळजळ वाढवणारे संदेश सुटतात, त्वचेची लवचीकता टिकवणारं कोलॅजन मोडणारी विकरं वाढतात आणि रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, बनवण्याचा वेग वाढतो. दुसरीकडे ओझोन वरच्या थरातलं ई-जीवनसत्त्व खाऊन टाकतो आणि त्वचेवरच्या तेलाला खवट करतो. डब्यातले शेंगदाणे खवट होतात ना, साधारण तसंच. आणि हे खवट तेल पुन्हा भिंतीलाच त्रास देतं.

धूर आणि ऊन, दोघे मिळून

"मला टॅन झालंय" असं आपण सरसकट म्हणतो. पण सगळा दोष उन्हाचा नसतो. धुरातल्या त्या पीएएचवर उन्हातली यूव्हीए किरणं पडली की दोघांचा मिळून त्रास एकट्याएकट्यापेक्षा जास्त होतो. पुणे विषुववृत्तापासून फार लांब नाही. एप्रिल-मेच्या दुपारी निरभ्र आकाश असेल तर इथला यूव्ही इंडेक्स ११ च्या पुढे, म्हणजे 'अतितीव्र' पट्ट्यात जातो. म्हणजे दुपारच्या सिग्नलवर दोघेही एकदम भेटतात.

याचा पुरावा काय? २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ७० ते ८० वयाच्या ४०० बायकांच्या त्वचेचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणी कोळसा-पोलादाच्या रुहर पट्ट्यात राहणाऱ्या, काही ग्रामीण भागातल्या. जिथे वाहतुकीच्या धुरातली काजळी आणि कण जास्त, तिथे कपाळावर आणि गालावर काळे डाग सुमारे २० टक्के जास्त आढळले. आता त्या गोऱ्या कातडीच्या बायका होत्या, त्यामुळे तोच आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण आपल्या त्वचेत मेलॅनिन मुळातच पटकन तयार होतं. म्हणून आपल्याकडे सुरकुत्यांच्या आधी डाग, वांग, काळवंडणं हीच तक्रार येते.

आणि हो, हा प्रश्न फक्त रस्त्याचा नाही. चीनमध्ये २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात लाकूड-कोळशासारख्या इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जास्त आढळल्या होत्या. गावाकडे चुलीसमोर आयुष्य काढलेल्या आपल्या आज्यांची आठवण झाली ना? मलाही झाली.

मुरमांचं बघा. बीजिंगमधल्या एका अभ्यासात हवेतले कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड वाढलं, की मुरमांसाठी दवाखान्यात येणारेही वाढत होते. खाजेचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा वणवा लागला. सॅन फ्रान्सिस्को तिथून जवळपास २८० किलोमीटर लांब. तरी धूर पसरला त्या दिवसांत शहरातल्या त्वचारोग दवाखान्यांत एक्झिमा आणि खाजेचे रुग्ण वाढले. म्हणजे परिणाम व्हायला वर्षं लागतातच असं नाही. ज्यांची भिंत आधीच कच्ची, त्यांना तो काही दिवसांतच जाणवतो.

मग आपला स्कार्फ?

पुण्यातल्या मुलींच्या स्कार्फची बाहेरगावचे लोक चेष्टा करतात. डाकू म्हणतात, निंजा म्हणतात. म्हणोत बापडे. त्वचेच्या दृष्टीने ही सवय हुशारीची आहे. जाड, घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं कापड ऊन चांगलं अडवतं, मोठी धूळ थेट चेहऱ्यावर बसू देत नाही. मुलांनीही हे उचलायला हरकत नाही.

पण दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. एक, सुती कापडाच्या विणीतली भोकं पीएम २.५ च्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात. जाळीच्या दारातून डास अडतो, धूर अडत नाही. त्यामुळे स्कार्फने गाल वाचेल, फुप्फुस वाचणार नाही. हवा खरंच वाईट असेल त्या दिवशी स्कार्फच्या आत, चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

दोन, स्कार्फ धुता का? खरं सांगा. सोमवारी बांधलेला स्कार्फ शनिवारपर्यंत डिकीत कोंबलेला असतो. त्यात घाम, तेल, धूळ, कालचं सनस्क्रीन. तेच रोज हनुवटीवर घासलं जातं, आणि मग तिथेच पिंपल्स येतात. आठवड्यासाठी दोन-तीन स्कार्फ ठेवा, रोज बदला. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही धुवा, आणि व्हायजर खाली ठेवा. स्कार्फ बांधलाय म्हणून हेल्मेट नको, हे मात्र चालणार नाही.

घरी आल्यावरची चूक

आता पुन्हा त्या काळ्या बोळ्याकडे येऊ. तो बघून आपण काय करतो? अंगाचा साबण चेहऱ्याला लावतो, अक्रोडाचा स्क्रब घेतो, लिंबू चोळतो, कुणीतरी रीलमध्ये सांगितलं म्हणून बेकिंग सोडासुद्धा. दोन मिनिटं चेहरा एकदम चकचकीत वाटतो. तो ओढल्यासारखा वाटणारा चेहरा म्हणजे स्वच्छता नाही. तुम्ही विटांमधलं सिमेंट खरवडून काढलंत.

आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाचच्या आसपास. नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात. लिंबू दुसऱ्या टोकाला, दोनच्या आसपास. म्हणजे दिवसभर प्रदूषणाने भिंतीला धक्के द्यायचे आणि संध्याकाळी आपण हातोडा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी हीच भिंत घेऊन पुन्हा त्याच धुरात जायचं.

"पण मग दिवाळीचं उटणं?" बरोबर प्रश्न. अभ्यंगस्नानाचा क्रम आठवा. आधी तेल, भरपूर, जिरेपर्यंत. मग उटणं. आणि तेही वर्षातून दोन-चार दिवस, थंडी सुरू होताना. त्यात तेल पहिलं होतं, हे आपण विसरलो आणि घासणं तेवढं रोजचं केलं.

साधा, परवडणारा दिनक्रम

दहा बाटल्या लागत नाहीत. तीन गोष्टी पुरतात.

पहिली, हळुवार धुणं. दिवसातून दोनदा, त्यातलं संध्याकाळचं महत्त्वाचं. घरी आल्या आल्या, झोपायच्या आधीपर्यंत न थांबता. सौम्य फेसवॉश, कोमट किंवा गार पाणी, अर्धा-एक मिनिट बोटांनी, टॉवेलने टिपून. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर फेस नीट निघत नाही आणि त्वचा आणखी कोरडी होते. अशा घरात निदान चेहरा शेवटी एक तांब्या पिण्याच्या पाण्याने धुवा.

दुसरी, मॉइश्चरायझर. चेहरा किंचित ओला असतानाच लावा. हेच तुमचं सिमेंट. सिरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं क्रीम घ्या. त्वचा खूप कोरडी असेल आणि पिंपल्स नसतील, तर थंडीत रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ थरही चालतो. चेहरा तेलकट असेल तर जेल घ्या. खोबरेल तेल हातापायांना छान, पण पिंपल्स येणाऱ्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजू शकतात.

तिसरी, सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो, म्हणून यूव्हीएसाठी पीए+++ बघा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतकं लागतं, वाटाण्याएवढं नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग किंवा डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण ते डोळ्यांना दिसणारा उजेडही काही प्रमाणात अडवतं आणि सावळ्या त्वचेत तोही डाग वाढवतो.

आणि हे 'अँटी-पोल्यूशन' लिहिलेलं असतं ते? एसपीएफ मोजायची ठरलेली पद्धत आहे. 'अँटी-पोल्यूशन'साठी सगळ्यांनी मान्य केलेली अशी एकच चाचणी नाही. त्यामुळे त्या शब्दासाठी चारशे रुपये जास्त मोजू नका. क-जीवनसत्त्वाच्या सीरमचा थोडा उपयोग होऊ शकतो, पण ते वरच्या तीन गोष्टी नीट जमल्यावर.

त्वचेच्या वरच्या थराला नवा व्हायला साधारण महिना लागतो. म्हणून फरक बघायला चार ते सहा आठवडे द्या. तीन दिवसांत गोरं व्हायचं म्हणाल, तर पुढचं नीट ऐका.

ती एक ट्यूब

हा आजचा सगळ्यात गंभीर भाग. चेहरा काळवंडला म्हणून मेडिकलमध्ये जायचं आणि "काहीतरी चांगलं क्रीम द्या" म्हणायचं. किंवा मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तेच आणायचं. यातल्या काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर वाचा. आठवड्यात चेहरा उजळतो, पिंपल्स बसतात, आपण खूश. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरमं उसळतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. असं चक्र सुरू होतं. घामाने झालेल्या गजकर्णावर हीच मिश्र क्रीमं लावली, की ते दबतं आणि मग आणखी पसरतं.

हा प्रकार इतका वाढला की देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीमं 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या दिवसांपुरतं ते फार कामाचं आहे. पण ते फेअरनेस क्रीम नाही. आणि आधीच खूप दिवस लावत असाल तर हे ऐकून एकदम फेकून देऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बंद करा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते.

शेवटी, ज्यांना रस्ता टाळता येत नाही

"गर्दीच्या वेळी बाहेर पडू नका" हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाने, दिवसाला वीस ऑर्डर पोचवणाऱ्या मुलाने, पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताईंनी काय करायचं? त्यांच्यासाठी टोपी, पूर्ण बाह्या, रोज धुतलेला रुमाल किंवा स्कार्फ, शक्य असेल तेव्हा मास्क, दिवसात एकदा मध्येच साध्या पाण्याने तोंड धुणं आणि रात्री मॉइश्चरायझर, एवढं तरी हातात आहे. सिग्नलला बसच्या मागे न थांबता थोडं बाजूला थांबणं, आणि लांब सिग्नलला इंजिन बंद करणं, हे तर आपण सगळेच करू शकतो. त्याने फक्त आपलाच नाही, मागच्याचाही चेहरा वाचतो.

आणि कोपऱ्यावर कचरा जळताना दिसला तर फोटो काढून महापालिकेच्या 'पीएमसी केअर' ॲपवर तक्रार टाका. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, साध्या प्रकारात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड आहे.

कारण खरं सांगायचं तर क्रीम ही भिंतीची डागडुजी आहे. रोज धक्के मारणारं बाहेर तसंच राहिलं, तर डागडुजीला अंत नाही. चेहरा आपण आरशात बघतो, म्हणून त्याची काळजी वाटते. तीच हवा आत छातीतही जाते, आणि तिथे कापसाचा बोळा फिरवून बघता येत नाही.

तर आज रात्रीसाठी दोनच कामं. स्कार्फ धुवायला टाका, आणि तोंड धुताना हात हलका ठेवा. एक्झिमा, वांग, महिनाभर न जाणारी खाज किंवा दुखणारे मोठे पिंपल्स असतील तर रील नाही, डॉक्टर. हा एपिसोड तुमच्या त्या ट्यूबवाल्या मैत्रिणीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!